शेऱ्यांची वही

यंदाच्या भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. आमचे घर भंडाऱ्यास खांब तलावाच्या बाजूस जुन्या वस्तीत आहे. आम्ही तिघे भाऊ, मुलेसुना, नातवंडे, माहेरी आलेल्या लेकी असे सारे जमले म्हणजे सणाच्या दिवशी पंचवीस पाने सहज उठतात. दुपारची जेवणे आटोपली होती, पुरणाचा जडपणा अंगावर होता, आणि ओसरीवर पोरे एकमेकांस कोडी घालीत बसली होती. माझी सातवीतली नात मजजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही एवढे मास्तर, हे सोडवा पाहू."

कोडे असे. बापलेक मोटारीने नागपूरकडे निघाले. वाटेत मौद्याजवळ अपघात झाला. बाप जागीच गेला. मुलास इस्पितळात नेले. शस्त्रक्रियेसाठी तातडीने बोलावलेल्या सर्जनने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हातातले हत्यार खाली ठेवले. "मी याच्यावर शस्त्रक्रिया करणार नाही. हा माझा मुलगा आहे." तर हे कसे?

मी विचार करू लागलो. 'बाप जागीच गेला' यात श्लेष असावा, म्हणजे तो मेला नसून तेथून निघून गेला असावा, अशी एक कल्पना मी लढविली. धाकट्या बंधूंनी दत्तकविधान सुचविले. कोणी जुळ्या भावांची गोष्ट काढली. माझी सून स्वतः डॉक्टर आहे. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभी राहणारी आहे. ती ताटे आवरता आवरता म्हणाली, "सावत्र बाप असेल." त्यावर पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तूसुद्धा? अगं, सर्जन त्याची आई होती!"

सगळे हसले, मीही हसलो. पण तितके मनापासून नाही.

हे कोडे मूळचे इंग्रजी. त्या भाषेत क्रियापदाला लिंग नसते, त्यामुळे तेथे ते घालणे सोपे आहे. आपल्या मराठीत सर्जन आला की आली हे क्रियापदच चहाडी करून सांगते. पोरीने ती अडचण कशी चुकविली ते पाहण्यासारखे आहे. तिने साऱ्या कथेत कर्तरी प्रयोग टाळला. 'सर्जनने पाहिले' हा भावे, 'हत्यार ठेवले' हा कर्मणी, 'बोलावलेल्या' हे सामान्यरूप दोन्ही लिंगांस सारखेच, आणि 'मी करणार नाही' यातही लिंगाचा मागमूस नाही. कर्ता तृतीयेच्या पडद्याआड गेला की त्याचे लिंग दिसत नाही, हे मी पस्तीसहून अधिक वर्षे फळ्यावर लिहून शिकवीत आलो. नातीची ही कारागिरी मला ऐकताक्षणीच उमगली होती. काहीतरी दडविले जात आहे हे व्याकरणाने मला सांगितले होते. काय दडविले आहे, ते मात्र माझ्या मनाला सुचले नाही. आणि ज्या डॉक्टरीणबाईच्या हातचे पुरण मी नुकतेच खाऊन उठलो होतो ती माझ्यासमोर उभी होती! अमेरिकेत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस हेच कोडे घातले, तेव्हा तेथेही उत्तर थोड्यांनाच आले असे पुढे वाचनात आले. त्याने मला फारसे समाधान वाटले नाही.

मतांनी म्हणाल तर मी जुना सुधारक आहे. आगरकर वाचून वाढलेल्या वडिलांचा मी मुलगा. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. १९७४ साली जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन संस्कृत पाठशाळेत बसलो आणि पुढे शिक्षक झालो. परंतु मुलींना शिकवू नये असा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नाही. आमच्या घरी सून आणताना ती घरी बसेल की नोकरी करील हा प्रश्नही मी काढला नव्हता. मग सर्जन म्हणताच डोळ्यांपुढे मिशा का उभ्या राहिल्या? ते माझे मत खचित नव्हते. तर मग ते काय होते?

हे काय होते त्याला आपल्या शास्त्रकारांनी नाव देऊन ठेवले आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात संस्काराचे तीन प्रकार आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेल्या बाणाला पुढे नेतो तो वेग. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडून सोडली की पुन्हा आपोआप गुंडाळी घेते, तो स्थितिस्थापक. अनुभवापासून उत्पन्न होऊन आत्म्याच्या ठायी राहते आणि स्मृतीला कारण होते, ती भावना. आजवर मी मुलांस हे तिन्ही निरनिराळे म्हणून शिकविले. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मला वाटले की माझ्या मनात भावना आणि चटई ही दोन नसून एकच आहेत. सुधारणेच्या ग्रंथांनी चटई उलगडून तर ठेवली होती. हात सुटताच ती आपल्या जागी गेली.

संस्कार जागा झाला म्हणजे स्मृती होते, हे नैयायिकांचे म्हणणे. परंतु जो संस्कार स्मृतीच्या रूपाने कधी जागाच होत नाही, आणि तरीही आतून काम करीत राहतो, त्याचे काय? शाकुंतलाच्या पाचव्या अंकाच्या आरंभी याचे नमुनेदार उदाहरण आहे. शापामुळे दुष्यन्ताला शकुंतलेची आठवण उरलेली नाही. आतून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते आणि राजा अकारण व्याकूळ होतो. प्रियजनाचा वियोग नसता हे असे का व्हावे हे त्यास कळत नाही, आणि शेवटी तो त्याची जोड जन्मांतरीच्या स्नेहाशी लावून मोकळा होतो. मनाला माहीत आहे, पण धन्याला माहीत नाही! कालिदासाने हे लिहिले त्याला दीड हजार वर्षे होऊन गेली. पाश्चात्त्यांनी याची चाचणी घेतली ती पुष्कळ अलीकडे.

जिनिव्हाचे क्लापारेद नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या देखरेखीखाली एक स्मृतिभ्रष्ट बाई होती. जुने पाठांतर तिला येई. परंतु रोज भेटणारे डॉक्टर मात्र तिला रोज नवेच वाटत. क्लापारेदांनी एकदा बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टाचणी टोचली, बाई कळवळली, आणि थोड्या वेळाने सारे विसरली. पुन्हा त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात झटकन मागे घेतला. का, म्हणून विचारता तिला काही सांगता येईना. फार खोदून विचारल्यावर, लोकांच्या हातांत कधी कधी टाचण्या असतात, अशा अर्थाचे काही ती बोलली. हा वृत्तान्त १९११ साली प्रसिद्ध झाला. अशा स्मृतीला १९८५ साली ग्राफ व शॅक्टर या दोघा संशोधकांनी स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण तिला अव्यक्त स्मृती म्हणू. सायकल चालविणाऱ्याचा तोल, पोळी लाटणारीचा हात, आणि माझ्यासारख्या निवृत्त मास्तराचा खडू शोधीत खिशाकडे जाणारा हात, ही सारी तिचीच लेकरे.

येथवर कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे.

लॅरी जॅकोबी या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८९ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांना सर्वस्वी अप्रसिद्ध नावांची यादी वाचावयास दिली. दुसऱ्या दिवशी तीच नावे इतर नावांत मिसळून पुढे ठेवली आणि विचारले की यांतील प्रसिद्ध कोणती? काल वाचलेली कित्येक नावे लोकांनी प्रसिद्ध म्हणून सांगितली. नाव ओळखीचे तर वाटते, पण ओळख कोठली ते आठवत नाही. मग मन आपणच ठरविते की हा कोणी मोठा मनुष्य असला पाहिजे. रातोरात कीर्ती मिळते ती अशी! १९९५ साली महझरीन बानाजी आणि अँथनी ग्रीनवाल्ड यांनी याच प्रयोगात पुरुषांची व स्त्रियांची नावे घालून पाहिली. बानाजीबाई आपल्या इकडच्याच, सिकंदराबादेत १९५६ साली जन्मलेल्या, पारशी घरातल्या. त्यांस असे आढळले की ही खोटी कीर्ती पुरुषाच्या नावास सढळ हाताने मिळते आणि स्त्रीच्या नावास देताना तोच हात आखडतो. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट पुढची. स्त्रीपुरुषांविषयी त्या माणसांची उघड मते काय आहेत हेही तपासले होते. त्या मतांचा आणि या आखडणाऱ्या हाताचा काही मेळ लागला नाही.

पुढे १९९८ साली ग्रीनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनातील असल्या जोड्या मोजण्याची एक चाचणी काढली; ती फार गाजली. तिच्यावर आक्षेपही पुष्कळ आहेत. एकाच माणसाची आज एक आणि महिन्याने दुसरी मोजणी येते, आणि चाचणीत जे दिसते तसाच तो माणूस वागेल असेही खात्रीने सांगता येत नाही, असे विद्वान म्हणतात. ते म्हणणे मला पटते. यंत्राने मोजलेल्या मनाच्या आकड्यावर कोणाची किंमत ठरवू नये. परंतु मला माझे मन मोजण्यास यंत्राची गरज पडली नाही. ते पितळेने मोजले.

भंडारा पितळी भांड्यांचे गाव. आता स्टीलने चुली व्यापल्या, तरी महालक्ष्म्यांना आमच्याकडे पितळच लागते. सणापूर्वी माळ्यावरची भांडी खाली काढून चिंचेने घासतात, आणि सण झाला की मोजून परत ठेवतात. यंदा मोजण्याचे काम मजकडे होते. गुंड, घंगाळे, पराती, डबे, तपेली. वाचकांच्या घरीही तोच प्रघात असेल की भांडे घेतले म्हणजे त्यावर नाव कोरून घ्यावयाचे. मी भांडी मोजता मोजता नावे मोजू लागलो. एक्केचाळीस भांड्यांवर नावे होती. त्यांत अडतीस पुरुषांची. उरलेली तीन लग्नातली आहेराची, म्हणजे तीही परघरच्या बायकांची. त्यांत एक घंगाळ आहे. ते माझ्या आजीने म्हशीचे तूप विकून साठविलेल्या पैशांतून १९३८ साली घेतले ही गोष्ट मी तिच्याच तोंडून अनेकदा ऐकली आहे. आजोबा जन्मात कधी भांड्यांच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. घंगाळावर नाव आजोबांचे. आणि खरे सांगावयाचे तर ते नाव वाचून वाचूनच, आजोबा हे घर भरणारे कर्ते पुरुष आणि आजी ती भांडी घासणारी, असा माझा लहानपणापासूनचा समज होता. तुपाची हकीगत मला ठाऊक होती. पण डोळ्यांनी रोज वाचले ते निराळे होते, आणि टिकले तेच.

नावांचे हे असेच आहे. ताराबाई शिंदे आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या. त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ साली लिहिले. जे दोष स्त्रीचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. आणि त्यानंतर ते पुस्तक जे विसरले गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून काढीपर्यंत. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या मजसारख्यास त्या बाईंचे नाव वयाच्या चाळिशीनंतर कळले. त्या काळातले लहानसहान निबंधकार मात्र मला तारखांसह पाठ होते.

आमच्या संस्कृताचाही यात वाटा आहेच. पाणिनीच्या एकशेषात पुरुष आणि स्त्री यांचा एकत्र उल्लेख झाला की पुल्लिंगी शब्द तेवढा शिल्लक राहतो. आई आणि बाप दोघे मिळून 'पितरौ' होतात. आई त्या द्विवचनात कोठेतरी असते. या बाबतीत आपली मराठी अधिक न्यायी. ती 'नवराबायको आली' असे म्हणून दोघांनाही नपुंसकलिंगात बसविते आणि भांडण मिटविते! तथापि त्याच मराठीत मी माझ्या पत्नीचा उल्लेख चाळीस वर्षे 'आमचे कुटुंब' असा करीत आलो आहे. हा लेख लिहिताना तो शब्द दोनदा लेखणीतून उतरला आणि दोनदा खोडला.

असो. भांडी माळ्यावर चढविताना तेथल्या पेटीत माझी शेऱ्यांची वही सापडली.

ही वही कशाची ते सांगितले पाहिजे. शाळेत असताना प्रगतिपुस्तकांत मी जे शेरे लिहीत असे त्यांची नक्कल एका वहीत ठेवीत असे. एकदा एका पालकाने शेरा खाडाखोड करून माझ्यावरच उलटविला होता, तेव्हापासून ही खबरदारी. वहीत १९९६ पासून पुढची पाच-सहा वर्षे आहेत. मी सहज चाळू लागलो आणि मग ओसरीवर चष्मा लावून नीट वाचीत बसलो. 'कुशाग्र', 'तल्लख', 'बुद्धिमान पण चंचल', 'मनावर घेईल तर पुष्कळ पुढे जाईल' हे शेरे पानोपानी मुलांपुढे होते. मुलींपुढे 'कष्टाळू', 'नम्र', 'टापटीप', 'अक्षर वळणदार'. मुलींपैकी कोणाचे गुण कमी होते म्हणून असे लिहिले असेल म्हणावे तर त्या वर्षांत वर्गात पहिली बहुधा मुलगीच येत असे. तिच्या गुणांना कारण तिचे कष्ट. मुलाच्या गुणांना कारण त्याची बुद्धी. मुलाचे गुण कमी पडले तरी बुद्धी शिल्लकच होती, फक्त ती त्याने मनावर घेतली नव्हती!

अमेरिकेतील तिघा संशोधकांचा एक निबंध २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पाच वर्षांच्या मुलामुलींस 'फार फार हुशार' माणसाची गोष्ट सांगून तो माणूस कोण असेल असे चित्रांतून निवडावयास सांगितले, तर मुलगे मुलगा निवडीत आणि मुली मुलगी. सहाव्या-सातव्या वर्षी मुली आपल्यांतल्या कोणास कमी वेळा निवडू लागतात. मौज अशी की शाळेत गुण अधिक कोणास मिळतात असे विचारले तर त्याच मुली खुशाल मुलींचे नाव सांगतात. म्हणजे गुण आमचे, हुशारी त्यांची. हे वाचताना मला वाटले होते की या पोरींच्या मनात हे कोण भरविते? आता माझ्याच अक्षरांत, माझ्याच मांडीवर, उत्तर पडले होते.

आणि १९९८ सालच्या सहामाहीच्या पानावर माझ्या थोरल्या लेकीचे नाव होते. ती माझ्याच वर्गात दहावीला होती. गणितात दीडशेपैकी एकशे सत्तेचाळीस. शेरा: 'कष्टाळू व नम्र. हस्ताक्षर सुरेख.' त्याखालच्या ओळीत एक मुलगा, गणितात एकशे एकवीस. शेरा: 'कुशाग्र बुद्धी. लक्ष दिल्यास उत्तम इंजिनिअर होईल.'

ती सणाला आली होती, आत होती. साकोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ती आज वीस वर्षांवर शिक्षिका आहे. शिक्षकी पेशा तिने आवडीने पत्करला, बापाचा वारसा चालविला, असे मी चार लोकांत अभिमानाने सांगत आलो आहे. मी तिला हाक मारून वही दाखविली. तिने ओळ वाचली आणि म्हणाली, "बाबा, मला पाठ आहे हा शेरा."

मी म्हटले, "तू डीएडला आपल्या खुशीने गेलीस ना?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बारावीनंतर मी इंजिनिअरिंगचा अर्ज आणला होता. तुम्हाला दिला. तुम्ही म्हणालात, ठेव देवघराच्या कोनाड्यात, पाहू. महिनाभर तो तिथेच होता. मग एके दिवशी तुम्ही डीएडचा अर्ज घेऊन आलात, आणि म्हणालात, हे तुझ्या स्वभावाला बरे."

वाचकहो, मला तो अर्ज आठवत नाही. देवघराचा कोनाडा आठवतो, त्या वर्षीचा पाऊस आठवतो, डीएडच्या अर्जासाठी कचेरीत किती वेळ रांगेत उभा होतो तेही आठवते. तो दुसरा कागद माझ्या स्मृतीत कोठेच नाही. मी तिला नाही म्हटले नव्हते. नाही म्हणावयास आधी काही ठरवावे लागते. मी काहीच ठरविले नव्हते. त्याच वर्षी मी माझ्या मुलाच्या शिकवणीसाठी नागपूरला खोली पाहण्यास तीन खेपा घातल्या, त्या मला दिवसावार आठवतात.

मी काही बोलू लागलो तर ती म्हणाली, "तुमच्याशी भांडायला नाही सांगत हो बाबा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मला माझी शाळा आवडते." हे ती खरेच बोलत होती. तरीही ते दुसरे खोटे ठरत नव्हते. तेवढ्यात आतून तिची आई म्हणाली, "तो अर्ज मीच घडी करून ट्रंकेत ठेवला होता. पुढे वाळवी लागली." म्हणजे घरात दोघींना ठाऊक होते आणि ज्याच्या हातून झाले त्यालाच तेवढे ठाऊक नव्हते.

लेक सासरी परतली ती वही घेऊन. मी नको म्हणालो नाही.

आताच्या शाळा पुष्कळ बदलल्या आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडीत आहेत असे चित्र घातले; बाई डॉक्टर आणि वाहतूक पोलीस, पुरुष आचारी, अशीही चित्रे दिली. काही लोकांनी त्याची थट्टा केली. मला ती चित्रे आवडली होती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय कागदावर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते, हेही मला योग्य वाटते. डोळ्यांनी रोज वाचलेले टिकते हे मी घंगाळावरून शिकलो आहे. परंतु पवनीच्या रस्त्याने आषाढात जावे. बांधीत ट्रॅक्टर पुरुषाच्या हाती असतो आणि गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या साऱ्या बाया. संध्याकाळी मजुरी वाटताना पुरुषाच्या हातावर अधिक पडते. बांधावर बसलेले पोर हे सारे पाहत असते, आणि त्याला कोणी एक शब्दही शिकविलेला नसतो.

दिवाळीच्या सुटीआधी लेकीचा फोन आला. आताच्या शिक्षकांना प्रत्येक मुलाविषयी 'वर्णनात्मक नोंदी' लिहाव्या लागतात. तिने माझी वही शेजारी ठेवून आपल्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदी वाचून काढल्या होत्या. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्या वहीत आणि माझ्या वहीत फक्त अक्षराचा फरक आहे." मला काय बोलावे ते सुचेना. एवढेच म्हणालो की अक्षर तुझे चांगले. ती हसली.

मग तिने काय केले ते सांगितले. आपल्या वर्गातील मुलांची अक्षरे ती ओळखते, म्हणून तिने शेजारच्या वर्गाच्या बाईंशी वह्या बदलून घेतल्या, नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या आणि नुसत्या उत्तरांवरून नोंदी लिहिल्या. परदेशात वाद्यवृंदात वादक निवडताना त्यास पडद्याआडून वाजवावयास लावतात, असे मी तिला मागे कधी सांगितले होते; पण ही युक्ती तिची तिचीच. नोंदी झाल्यावर दोघींनी बसून पट्ट्या काढल्या. एका वहीवर तिने लिहिले होते: 'कुशाग्र. मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर काढते डोके. आळस सोडल्यास फार पुढे जाईल.' पट्टी काढली तर खाली एका शेतमजुराच्या मुलीचे नाव. तिच्या वर्गाच्या बाई चकित होऊन म्हणाल्या, "ही? आळशी? अहो, ही तर फार गुणी पोर आहे." गेल्या वर्षीच्या नोंदीत तिच्यापुढे 'नम्र व कष्टाळू' असे होते.

"आता काय करू बाबा?" लेकीने विचारले. "बाई म्हणतात, आळस हा शब्द मुलीच्या पुस्तकात बरा दिसत नाही. खोडू का?"

मी म्हटले, "खोडू नकोस. तसाच राहू दे."